राउटरवर व्हीपीएन: सगळं घर एकाच बोगद्यातून नेऊ नका

वाचक भगिनीचं पत्र

आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या वाचून मी व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा झाकलेल्या बोगद्यातून नेणाऱ्या सेवेची, वर्षभराची वर्गणी भरली. प्रत्येकाच्या फोनवर अ‍ॅप टाकत बसण्यापेक्षा राउटरवरच व्हीपीएन लावलं की सगळं घर एकदम सुरक्षित होतं, असं वाचलं होतं. सेटिंगमध्ये शोधून ते जोडलंही. पण तेव्हापासून नेट फार हळू झालंय. सासऱ्यांचं बँकेचं खातं 'संशयास्पद लॉगिन' म्हणून दोनदा अडलं. टीव्हीवर मालिका लागत नाहीत, माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो. सगळे म्हणतात, बंद कर. मला भीती वाटते की बंद केलं तर घर उघडं पडेल. काय करू? शिवाय यजमान कामासाठी फिरतीवर असतात. त्यांना बाहेरून घरचा कॅमेरा बघायला हेच व्हीपीएन चालेल का?

उत्तर

घरातल्या प्रत्येकाची काळजी तुम्ही एकटीनं अंगावर घेतली आहे, हे पत्रातून दिसतं. म्हणून आधी भीतीचं उत्तर देते. आज रात्री राउटरवरचं व्हीपीएन बंद केलंत तरी घर उघडं पडणार नाही. निर्धास्तपणे बंद करा, म्हणजे घरातली कुरबूर थांबेल आणि पुढचं सगळं घाई न करता लावता येईल.

इतक्या ठामपणे का सांगते, तेही ऐका. बँकेचं संकेतस्थळ, ईमेल, चॅट, खरेदीची अ‍ॅप यांची माहिती तुमच्या फोनमधून निघतानाच एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, झालेली असते. पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' त्यासाठीच असतं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. तुम्ही अमुक बँकेच्या साइटवर गेलात हे तिला कळू शकतं. पासवर्ड किंवा शिल्लक कळत नाही. व्हीपीएन लावलं की हा पत्ताही तिच्यापासून झाकला जातो, पण तोच आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागतो. नजर नाहीशी होत नाही, एका कंपनीकडून दुसरीकडे जाते. ज्यांचा आपल्या इंटरनेट कंपनीपेक्षा व्हीपीएन कंपनीवर जास्त भरवसा आहे, त्यांच्यासाठी ही अदलाबदल खरंच मोलाची आहे. तुमचा तसा भरवसा आहे का, हे मात्र तुम्हीच ठरवायचं.

आणि ज्या बातम्यांनी तुम्ही अस्वस्थ झालात, त्या फसवणुकीच्या वाटेत व्हीपीएन येतच नाही. खोटी लिंक, फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारा माणूस, 'तुमचं खातं आज बंद होईल' असा निरोप, यांना तुमची माहिती कुठल्या मार्गानं आली याच्याशी देणंघेणं नसतं. खोट्या पानावर सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं पासवर्ड टाकला, तर तो व्हीपीएनमधून जाऊनही चोराच्याच हाती पडणार. त्यासाठी बँकेच्या आणि ईमेलच्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप, वापरा. तो खोट्या पत्त्याच्या पानावर पासवर्ड आपोआप भरत नाही, आणि वयस्कर माणसांसाठी ही मोठी मदत असते. शिवाय घरात एक नियम करा: फोनवर कोणी घाई करायला लागलं की फोन ठेवायचा आणि घरातल्या कोणाला तरी विचारायचं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. राउटरवरचं व्हीपीएन राउटरपासून पुढे सुरू होतं आणि राउटर घरातच राहतो. मुलीचा फोन वाचनालयाच्या वाय-फायवर गेला, यजमानांचा लॅपटॉप हॉटेलच्या वाय-फायवर गेला, की त्यांच्यावर तुमच्या राउटरचं छत्र उरत नाही. परक्या नेटवर्कवरच व्हीपीएनची गरज जास्त, आणि तिथेच ते नसतं. म्हणून जे फोन आणि लॅपटॉप घराबाहेर जातात, त्यांच्यावर अ‍ॅप टाकण्याचा त्रास टळत नाही. वर्गणी भरलीच आहे तर ती आधी तिथे कामी लावा.

मग राउटरवर व्हीपीएन लावण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, पण मोजक्या उपकरणांसाठी. ज्यांवर व्हीपीएनचं अ‍ॅप टाकताच येत नाही, अशी उपकरणं घरात असतात: काही टीव्ही, गेमचे कन्सोल, भिंतीवरची छोटी यंत्रं. वर्गणीत एका वेळी किती उपकरणं जोडायची याला मर्यादा असेल, तर राउटर त्यात एकच मोजला जातो. शिवाय फोनवर व्हीपीएनचं अ‍ॅप चालू असताना घरचा प्रिंटर किंवा टीव्ही सापडेनासा होतो, असं बरेचदा घडतं. राउटरवर लावलं तर ती अडचण येत नाही, कारण घरातल्या घरातली देवाणघेवाण बोगद्यात शिरतच नाही. हे फायदे खरे आहेत. अडचण फक्त एवढीच झाली की तुम्ही सहा माणसांचा आणि त्यांच्या सगळ्या यंत्रांचा निर्णय एका बटणानं घेतलात. प्रत्येकाची गरज वेगळी आहे, आणि तुमच्या चारही तक्रारी तिथूनच आल्या आहेत.

नेट हळू होण्यापासून सुरू करू, कारण तिथे राउटरच्या पोटात काय चालतं ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. राउटरच्या खोक्यावर वेगाचा जो मोठा आकडा छापलेला असतो, तो साध्या वाहतुकीचा. माहिती छोट्या पाकिटांत भरून जाते. ती पाकिटं इकडून तिकडे टाकायला बऱ्याच राउटरांमध्ये खास वेगळी सोय असते, त्यामुळे मुख्य प्रोसेसरला फारसं काम पडत नाही. व्हीपीएन लावलं की ही जवळची वाट बंद होते. प्रत्येक पाकीट उघडून, एन्क्रिप्ट करून, नव्या पाकिटात भरून पाठवायचं काम प्रोसेसरवर येतं, आणि घरगुती राउटरचा प्रोसेसर फोनच्या प्रोसेसरपेक्षाही खूप दुबळा असतो. त्यात एईएस नावाची एन्क्रिप्शनची पद्धत वेगानं करणारी सोय संगणकाच्या प्रोसेसरमध्ये असते, स्वस्त राउटरांच्या चिपमध्ये पुष्कळदा नसते.

म्हणून आता सेटिंगमध्ये जाऊन प्रोटोकॉल (बोगदा बांधायची पद्धत) कोणता निवडला आहे ते बघा. ओपनव्हीपीएन असेल तर हळूपणाचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल. हा २००१ पासून चालत आलेला, भरवशाचा प्रोटोकॉल आहे, पण त्याचं नेहमीचं रूप कर्नलच्या (प्रणालीच्या मुळाशी असलेल्या भागाच्या) बाहेर चालतं आणि एन्क्रिप्शनचं सगळं काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) टाकतं. बाकीचे गाभे मोकळे बसून राहतात. वायरगार्ड हा पर्याय दिसत असेल तर तो घ्या. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स (बऱ्याच राउटरांत चालणारी प्रणाली) ५.६ पासून तो कर्नलचाच भाग आहे, आणि त्यातली चाचा२० ही एन्क्रिप्शनची पद्धत एईएसची खास सोय नसलेल्या चिपवरही चांगली पळते. त्याच राउटरवर, त्याच वर्गणीत, नुसता प्रोटोकॉल बदलून मोठा फरक पडू शकतो. यादीत पीपीटीपी (हाही एक जुना प्रोटोकॉल) दिसलं तर त्याला हात लावू नका. त्यातली ओळख पटवण्याची पद्धत एका दिवसाच्या आत फोडता येते, हे सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी २०१२ मध्येच दाखवून दिलं आहे. जुन्या राउटरांच्या मेन्यूत ते अजूनही पडून असतं, आणि लावायला सोपं म्हणून लोक तेच निवडतात.

दोष राउटरचा आहे की व्हीपीएनच्या सर्व्हरचा, हे ओळखायची साधी रीत आहे. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा. आधी व्हीपीएनशिवाय वेग मोजा, मग लॅपटॉपवरचं अ‍ॅप लावून, मग अ‍ॅप बंद ठेवून राउटरवरचं व्हीपीएन लावून. व्हीपीएनच्या दोन्ही वेळा सर्व्हर तोच आणि जमल्यास प्रोटोकॉलही तोच ठेवा. अ‍ॅपनं वेग चांगला आणि राउटरनं वाईट आला, तर राउटरची ताकद कमी पडते आहे. दोन्हींत सारखाच वाईट आला, तर सर्व्हर बदला आणि जवळचा घ्या. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटर लांब नेला की जाण्यायेण्यात किमान १० मिलिसेकंदांची भर पडते. चित्रपट बघताना हे जाणवत नाही, पण बोलताना आणि गेम खेळताना जाणवतं.

मीटिंगमध्ये आवाज तुटतो त्याचं एक कारण हा हळूपणा असेलच. दुसरं मी अंदाजानं सांगते: तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसचं स्वतःचं व्हीपीएन असणार. तसं असेल तर तुम्ही बोगद्यात बोगदा घातला आहे. नेटवर्कवरच्या एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. वायरगार्ड स्वतःच्या वेष्टनासाठी जागा घेऊन आतल्या पाकिटाला १४२० बाइट ठेवतो. तुमची जोडणी पीपीपीओई प्रकारची (युजरनेम-पासवर्डनं सुरू होणारी) असेल तर त्यातले आणखी ८ जातात, आणि वर ऑफिसचं वेष्टन. मोठी पाकिटं मग तुकडे होऊन जातात किंवा वाटेत गळतात. 'काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात' ही याची ओळखीची खूण. राउटरमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) कमी करून आणि एमएसएस क्लॅम्पिंग (त्यानुसार आतल्या माहितीचा आकार आवळण्याची सोय) चालू करून बरंचसं निस्तरतं, पण तुमच्या बाबतीत त्या खटाटोपात पडू नका. ऑफिसच्या लॅपटॉपला स्वतःचं संरक्षण आहे, त्याला घरच्या बोगद्यातून वगळा.

बँकेवर रागावू नका. सासऱ्यांचं लॉगिन काल घरच्या पत्त्यावरून आलं आणि आज दुसऱ्या शहरातल्या किंवा देशातल्या अशा पत्त्यावरून, जो व्हीपीएनचे असंख्य ग्राहक एकत्र वापरतात. बँकेनं खातं अडवलं ते आपल्या भल्यासाठीच. टीव्हीचंही असंच आहे. मालिका दाखवणाऱ्या सेवा व्हीपीएनच्या सर्व्हरांचे पत्ते ओळखतात आणि अडवतात. सर्व्हर बदलत राहिलात तर कधी चालेल, कधी नाही, आणि त्या सेवेच्या अटींतही ते बसत नसेल. सासऱ्यांचा फोन आणि टीव्ही दोन्ही बाहेर काढा.

आता राउटरमध्ये शोधायची ती सोय अशी की सगळी वाहतूक डीफॉल्टनं साध्या मार्गानं जावी आणि फक्त निवडलेली उपकरणं व्हीपीएनमधून. वेगवेगळ्या राउटरांत तिला वेगवेगळी नावं आहेत. पॉलिसी राउटिंग किंवा स्प्लिट टनेलिंग असं काहीतरी दिसेल. ज्या उपकरणांची निवड कराल त्यांना राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की नियम भलत्याच यंत्राला लागतो. अलीकडचे फोन वाय-फायवर आपला खरा मॅक पत्ता (यंत्राची हार्डवेअरमधली ओळख) लपवून बनावट देतात. निवड मॅक पत्त्यानं होत असेल तर घरच्या वाय-फायपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी लागेल.

त्याहून मला आवडणारी पद्धत म्हणजे वाय-फायची दोन नावं. एक नेहमीचं, दुसरं व्हीपीएनचं. दुसऱ्यावर जे जोडेल ते बोगद्यातून जाईल. तुमच्या राउटरला हे येत असेल तर हेच करा. सासूबाईंना सेटिंग समजावून सांगावी लागत नाही, मुलांना कशासाठी काय वापरायचं ते नावावरून कळतं, आणि 'बंद कर, बंद कर' म्हणून कोणी तुमच्या मागे लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा की दोन्ही नेटवर्क एकमेकांपासून तोडलेली असतील तर एकावरच्या फोनला दुसऱ्यावरचा प्रिंटर दिसणार नाही.

व्हीपीएनच्या त्या वाटेवर तीन जागी गळती होते. पहिली डीएनएसची. नावावरून पत्ता विचारण्याचं काम राउटर अजूनही इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे करत असेल, तर तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते तिला कळतच राहतं. त्या नेटवर्कसाठी व्हीपीएन कंपनीनं दिलेला डीएनएस लावा. दुसरी आयपीव्ही६ची, म्हणजे आयपीव्ही४ नंतर आलेल्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ नेत असेल आणि घरी आयपीव्ही६ चालू असेल, तर अर्धी वाहतूक बाजूनं उघडी निघून जाते. व्हीपीएन आयपीव्ही६ नेत नसेल तर त्या नेटवर्कवर ते बंद ठेवा. तिसरी, व्हीपीएन तुटल्यावरची. किल स्विच (व्हीपीएन तुटलं की नेट थांबवणारी सोय) चालू नसेल तर राउटर काही न सांगता साध्या मार्गानं पाठवू लागतो. किल स्विच चालू असेल तर त्या नेटवर्कवरचं नेट थांबतं, आणि थांबावं हीच अपेक्षा आहे. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. मग दोन्ही नावांवर एकेक फोन जोडून आपला आयपी पत्ता आणि डीएनएस दाखवणाऱ्या तपासणीच्या पानांवर जा. व्हीपीएनच्या नावावर तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव कुठेही दिसता कामा नये.

वीज जाऊन आल्यावर व्हीपीएन जोडलं जात नसेल तर राउटरचं घड्याळ बघा. पुष्कळ घरगुती राउटरांत वीज नसताना चालणारं घड्याळच नसतं. ते जुनी तारीख घेऊन जागे होतात. ओपनव्हीपीएनला मग सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं वाटतं, आणि वायरगार्डचा सर्व्हर आधीच्यापेक्षा जुन्या वेळेची जोडणी नाकारतो. घड्याळ जुळवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट फक्त व्हीपीएनमधूनच जाऊ दिलं असेल तर दोन्ही अडकून बसतात. राउटरच्या स्वतःच्या वेळेच्या चौकशीला साधा मार्ग मोकळा ठेवा.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं राहिलंच आहे: खुद्द राउटर. मे २०१८ मध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा विभागाच्या संशोधकांनी व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम उघड केला. नावात व्हीपीएन असलं तरी त्याचा व्हीपीएन सेवांशी संबंध नाही. त्यानं ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पछाडली होती, त्यातली बहुतेक घरातले आणि छोट्या ऑफिसातले राउटर. ज्या खोक्यातून सगळ्या घराची वाहतूक जाते तेच परक्याच्या ताब्यात गेलं, तर त्याच्यावर लावलेल्या व्हीपीएनचा भरवसा काय धरायचा? म्हणून आजच राउटरच्या पानावर जाऊन अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं करा, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडण्याची सोय) बंद करा, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर किंवा निदान डब्ल्यूपीए२ वर ठेवा. कॅमेरा आणि तसली छोटी यंत्रं गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर हलवा. कंपनीनं तुमच्या मॉडेलची अपडेट देणं थांबवलं असेल तर व्हीपीएनच्या पुढच्या वर्षीच्या वर्गणीआधी नवा राउटर घ्या. घेताना त्यात वायरगार्ड आणि उपकरणानुसार निवड या दोन्ही सोयी आहेत का ते बघा.

सध्याच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखं दुसरं फर्मवेअर टाकूनही या सोयी मिळतात, आणि ते फार चांगलं काम आहे. पण मॉडेलचा क्रमांक आणि हार्डवेअरची आवृत्ती तंतोतंत जुळली नाही तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. सहा माणसं ज्या एकमेव राउटरवर अवलंबून आहेत त्यावर हा प्रयोग करू नका. त्याच्या मागे दुसरा, सुटा राउटर जोडून त्यावर करा. इंटरनेट कंपनीनं दिलेला राउटर कुलूपबंद असेल तरी ही वाट मोकळी असते.

शेवटी यजमानांचा कॅमेरा. तुम्ही वर्गणी भरलेलं व्हीपीएन याला उपयोगी नाही, कारण ते घरातून बाहेर जाण्यासाठी आहे आणि इथे बाहेरून घरात यायचं आहे. राउटरच्या मेन्यूत व्हीपीएन क्लायंट, व्हीपीएन सर्व्हर आणि व्हीपीएन पासथ्रू असे तीन पर्याय दिसत असतील. तुम्ही वापरलात तो क्लायंट. पासथ्रू फक्त घरातल्या यंत्रांची स्वतःची व्हीपीएनं राउटरमधून जाऊ देतो. यजमानांसाठी लागतो तो सर्व्हर, आणि त्याला कुठलीही वर्गणी लागत नाही. वायरगार्ड सर्व्हर चालू करा, यजमानांच्या फोनसाठी वेगळी किल्ली बनवा, आणि राउटर क्यूआर कोड दाखवत असेल तर तो त्यांच्या फोनमधल्या वायरगार्ड अ‍ॅपनं टिपून घ्या. गेस्ट नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायची परवानगी या जोडणीला वेगळी द्यावी लागू शकते. कॅमेऱ्याचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) मात्र थेट इंटरनेटवर उघडू नका, कोणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. आणि सगळी वाहतूक क्लायंटमधून जात असेल तर सर्व्हरची उत्तरं चुकीच्या वाटेनं जाऊ शकतात; डीफॉल्ट मार्ग साधा ठेवा म्हणते त्याला हेही एक कारण आहे.

हे चालण्यासाठी घराला बाहेरून पोचता येईल असा पत्ता हवा. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीनं तुम्हाला इतर ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे आणि बाहेरून थेट येता येणार नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा, किंवा वायरगार्डवरच उभारलेली टेलस्केलसारखी सेवा वापरा. ती अशा अडथळ्यातूनही घराशी जोडून देते. सार्वजनिक पत्ता मिळाला पण तो बदलत राहत असेल तर राउटरमधली डायनॅमिक डीएनएसची (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी) सोय लावा. घरच्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर तेही बदलून घ्या, कारण हॉटेलातही बरेचदा तेच असतात आणि मग फोनला घरचा कॅमेरा कुठला आणि हॉटेलातलं यंत्र कुठलं हे कळत नाही. यजमान फिरतीवर निघण्याआधी त्यांच्या फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून कॅमेरा उघडून बघा. घरच्याच वाय-फायवरून केलेल्या तपासणीनं बाहेरून चालेल की नाही ते कळत नाही.